सुनंदाच्या यंत्राचा क्रमांक

३ जाने. १९९४, परभणी
चारठाण्याच्या देवळांतील शिलालेखांचे वाचन माझी विद्यार्थिनी सुनंदा हिचे, पाठशोधन माझे. दोन्ही महाविद्यालयाच्या एका सामायिक डिस्कवर. तारेने जोडलेल्या आपापल्या यंत्रावरून उघडावयाचे. आज सुनंदाच्या यंत्रास नकार. प्रबंध महिनाअखेर द्यावयाचा आहे तिला.
संगणक-कक्षाचा मोईन म्हणाला, "गुरुजी, डिस्क मानसाला वळखत न्हाई, मशिनीच्या नंबराला वळखती. बाईंचा नंबर यादीतनं काढायला लावला. वरून."

५ जाने.
प्राचार्यांस भेटलो. "विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलंय, शास्त्रीबुवा. शिवाय दोन मशिनींनी एकाच जागी लिहिलं की मजकूर बिघडतो."
मोईन मध्येच, "मग बाईंना निस्तं वाचायला ठिवू की, साहेब."
त्याच्याकडे न पाहता मला, "तुमचं चालू आहे ना? झालं तर."
ग्रंथारंभी तो शिकण्याचा अधिकारी कोण ते सांगावे लागते. जिज्ञासा हीच पात्रता, असे वर्गात सांगत आलो. बौद्धवाड्यातून पायी येणारी सुनंदा त्याच वर्गात पुढच्या बाकावर. आणि आता...

६ जाने.
तिला म्हटले, माझ्या यंत्रावर बस.
"नको गुरुजी. वरून ओतलेलं पाणी आमच्या आईनं लय पेलं. मी न्हाई पेनार."
संध्येत चित्त लागले नाही.

११ जाने.
माझे यंत्र नवे, म्हणून प्राचार्यांच्या दालनात गेले. माझ्या मेजावर सुनंदाचे आणून ठेवले. तिचे मेज रिकामे. उघडले, तो नकार.
मोईन हसू दाबत, "नंबर मशिनीसंगं आला, गुरुजी. आता तुमीबी भायेर."
प्राचार्यांचा निरोप तत्काळ: शास्त्रीबुवांसाठी तो क्रमांक चालू करा. तिच्यासाठी आठवडा लोटला तरी जे धोक्याचे होते, ते माझ्यासाठी घटकाभरात निर्धोक!
मोईनला थांबविले. क्रमांक तिचा आहे.

१४ जाने.
संक्रांत. सायंकाळी नामविस्ताराची वार्ता. सुनंदा तिळगूळ घेऊन आली. "गोड बोला म्हनत न्हाई, गुरुजी. निस्तं बोला. तिथं, सायबाफुडं."

१५ जाने.
बोललो. यंत्र तिच्या मेजावर जाईल, क्रमांक तिथेच चालू होईल. अन्यथा पाठशोधन इथेच थांबले. प्राचार्य म्हणाले, "या वयात हट्ट शोभत नाही." क्रमांक चालू करण्याचा हुकूम मात्र दिला नाही.
मोईनने एक बाजू धरली, मी दुसरी. यंत्र सुनंदाच्या मेजावर ठेवले. तिने कळ दाबली. नकारच.
ती उठली नाही. मीही शेजारी खुर्ची ओढली.