टॉवेलाखालचा भाव

४ फेब्रुवारी, मंगळवार
दुर्गदबैलच्या बाजारातून वर्षाची मिरची आणली. रायापूरला घरापर्यंत यायला रिक्षावाल्याने नाक मुरडलं. दुपारभर अक्का आणि मी देठ काढत बसलो. ह्यांच्या ह्या थोरल्या बहिणीचं वय सत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी त्यांचा ढीग माझ्या दुप्पट. ऑपरेशनचं पुन्हा काढून बघितलं. "बघायचं काय राह्यलंय आता? इरली बिडु." राहू दे. तीन वर्षं हेच उत्तर.

ति. - चारशे शब्द. (ति. म्हणजे तिखट, लपून वाचायची गोष्ट. खरा शब्द ह्या वहीतही लिहवत नाही, आणि गोष्टींच्या ॲपवर 'शर्वरी' नावाने बिनदिक्कत विकते.) अडलं ते नेहमीच्याच जागी. मराठीत त्या गोष्टींना शब्द दोनच ठिकाणचे, दवाखान्यातले नाहीतर शिवीतले. मधलं काही नाही. म्हणून मी बांगड्या, गुंड्या, ओला पदर ह्यांच्यावर भागवते. वाचकांना वाटतं, बाई फार संयमाने लिहितात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
घरभाडं भरलं. ति.च्या पैशांतून, सलग आठवा महिना. शाळा बंद पडली तेव्हा वाटलं होतं आता शिकवण्यांवर दिवस काढायचे. ह्या कन्नड मुलखात मराठी शाळेच्या बाईंकडे हल्ली शिकवणीला येतंय कोण. हे हार्डवेअरच्या काउंटरवर सगळ्यांना सांगतात, "आमची मिसेस सामाजिक कथा लिहिते." एकही वाचलेली नाही. तेच बरं.

सगळ्यांत जास्त चाललंय ते 'टॉवेल'. मूळ अक्कांचं. गेल्या वर्षी असेच देठ काढताना म्हणाल्या होत्या, आमच्या गल्लीत एक मुलगी होती. नवरा लवकर गेलेली, बापाचं मिरचीचं दुकान. तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात टॉवेलाखाली, आणि बोटांनी ठरायचं. जितकी बोटं धरली तितके शेकडे, तळव्यात अंगठा दाबला की पन्नास कमी. बापाचा उजवा हात वारं जाऊन लुळा पडला, तेव्हा एक हंगाम ती मुलगी शेजारी बसून बापाच्या वतीने खरेदीला हात द्यायची. समोर दलालाचा तरणा कारकून. सगळ्या बाजारादेखत दोघं हात धरून बसलेत आणि लोकांना वाटतंय घासाघीस चाललीय.

एवढंच सांगितलं होतं त्यांनी. मी पुढे गोदाम घातलं, पोती घातली, बाकी जे घालायचं ते घातलं. गाव सोलापूर केलं. गोष्टीखाली रोज कुणी ना कुणी विचारतं, पुढचा भाग कधी?

१५ फेब्रुवारी, शनिवार
नवा फोन. माझ्या कमाईचा, माझ्या पसंतीचा. जुना अक्कांना दिला, भजनं ऐकायला. त्यात मजकूर वाचून दाखवायची सोय चालू करून ठेवलेली आहे, मी प्रत्येक ति. टाकण्याआधी एकदा कानाने तपासते, डोळ्याला न दिसलेलं कानाला खटकतं. अक्कांना ती सोय फार आवडली. दुपारी फोन कानाशी धरून, भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हातारपणी काहीतरी विरंगुळा झाला म्हणून बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
शर्वरीच्या खात्यात 'नुकतंच ऐकलेलं' अशी एक यादी सापडली. मी तर महिनाभरात काही ऐकलेलं नाही. बाराच्या बारा ति. 'टॉवेल' पाच वेळा.

जुन्या फोनवरचं खातं बंद करायचं विसरले होते.

ह्या घरात मी येऊन बावीस वर्षं झाली, अक्कांनी मला माझ्या आईपेक्षा जास्त वेळा जेवू घातलंय. स्वयंपाकघरात गेले तर ताक घुसळत होत्या. "मीठ कुठं ठेवलीस?" एवढंच. मान वर केली नाही. की नेहमीच करत नाहीत? आता आठवेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार
जेवताना दोघींचं लक्ष ताटात. हे म्हणाले, भांडलात का दोघी. म्हटलं, उकडतंय.

फोन काढून घ्यावा असं दहा वेळा मनात आलं. काढून घेतला की कबूलच केल्यासारखं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
गच्चीवर मिरच्या वाळत घालताना अक्का म्हणाल्या, "मंगल, ती गोदामात कशाला गेली गं?"

कोण, असं विचारलं मी. वेड घेऊन पेडगावला.

"तुझी ती. टॉवेलातली."

मी काहीतरी बोलत सुटले. वाचकांना तसं लागतं, गोष्टीला काही शेवट हवा, मनाचंच असतं सगळं.

"गोदामात आम्ही कधी गेलोच नाही," म्हणाल्या, आणि पुढची ओंजळ पसरली.

आम्ही म्हणाल्या.

गल्लीतली मुलगी कुठली. मामंजींच्या प्रत्येक फोटोत उजवा हात शालीखाली असतो, तो मी बावीस वर्षं बघतेय. मिरचीचं दुकान ह्याच घरचं. अक्का चोविसाव्या वर्षी विधवा झाल्या तेही ठाऊक. सगळं समोर होतं आणि मला, एवढ्या लेखिकेला, दिसलं नाही. लाज वाटली. त्यांनी जन्मभरात एकदा कुणाला तरी सांगितलं, तेही दुसरीच्या नावावर, आणि मी ते नेऊन विकलं.

संध्याकाळी 'टॉवेल' ॲपवरून काढून टाकलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. शिवरात्र
उपास. सकाळीच अक्का फोन घेऊन दारात. "हे लागेना."

"काढलं मी ते, अक्का. चुकलं माझं."

"कुणी सांगितलं काढायला?"

"तुमचं होतं. मी विकलं."

खुर्चीत बसल्या. फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तिथं तरी गेलो होतो गं आम्ही. परत लाव."

मला रडू आवरेना. त्या उठून रताळी उकडायला लावायला गेल्या. जाताना म्हणाल्या, साकु, पुरे आता, डोळे पूस, वसू येईल. ह्यांना त्या अजून वसूच म्हणतात.

परत लावलं.

२ मार्च, रविवार
हे दुपारी झोपले होते. अक्का आपणहून बोलायला लागल्या. तो कारकून इथल्याच अमरगोळ गावचा, कन्नड. नाव सांगितलं, इथे लिहीत नाही. तो हंगाम संपला, पुढच्या हंगामात दलालाने दुसरा कारकून पाठवला. का, कुणी विचारलं नाही. विचारणार कोण. आज आहे की नाही तेही माहीत नाही.

"आणि एक चुकलंय तुझं. बोटं फिरवत नव्हता तो. भाव ठरला की हात काढायचा असतो. तो काढायचा नाही. ठेवायचा नुसता."

बारा ति.त मी पानोपानी बोटं फिरवतेय.

मग मुद्द्याचं. "त्याला मराठी वाचायला येत नव्हतं. हे कन्नडात होईल?"

म्हटलं, माझं कन्नड बाजारापुरतं, अक्का.

"माझं सातवीपर्यंत झालंय."

नाव खरं घालायचं म्हणत होत्या. मी हात जोडले. त्याची बायको असेल, मुलं-नातवंडं असतील. "मग त्याला कळणार कसं?" म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? टॉवेलावरनंच ना? "बरं. पण सोलापूर काढ. अमरगोळ घाल." एवढी घासाघीस करून सौदा ठरला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. मराठीत लपायला बरं होतं. ह्यांच्या दुकानातले सगळे कन्नड वाचणारे.

५ मार्च, बुधवार
फोनच्या माइकात अक्का बोलतात, अक्षरं आपोआप उमटतात. चुकलेली त्या फोन डोळ्याला टेकवून सांगतात. कुकरच्या शिट्टीला थांबायचं, भाजीवाला ओरडला की थांबायचं. दोन दिवसांत गोदामापर्यंत आलो.

"तू वर जा. मिरच्या उलट."

"सकाळीच उलटल्या की."

"मत्तोम्मे उलट."

आणखी एकदा उलटल्या. अर्धा तास गच्चीत उभी. शर्वरीला घराबाहेर काढलं की हो.

खाली येऊन अडत अडत वाचलं. पोती नाहीत, पदर नाही, श्वास-बिस काही नाही. दोघं गोदामात बसलेत, हात तसाच हातात. फक्त वर टॉवेल नाही. बोलत कुणीच नाही. एका परिच्छेदात संपतं.

मी काहीच बदललं नाही.

९ मार्च, रविवार
टाकलं. शर्वरीच्याच नावाने, फुकट वाचायला. पैसे ह्याचे नकोत असं आम्हा दोघींनाही न बोलता कळलं.

अक्कांचा पहिला प्रश्न, "अमरगोळहून कोणी?" म्हटलं, ॲप गाव सांगत नाही. किती जणांनी उघडलं तेवढं सांगतं. पाच.

"पाचांत एक असेल."

१२ मार्च, बुधवार
अकरा. रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात. आज मी म्हटलं, अक्का, तो सत्तरीपुढचा माणूस, ॲपवर कुठला येतोय. तर म्हणाल्या, नातवंडांनी वाचून दाखवलं तर? आपल्या आजोबांना हे कुठलं नातवंड वाचून दाखवणार. पण त्यांच्या लेखी ह्यात लाजण्यासारखं काही नाहीच, दोन माणसं हात धरून बसलीत.

ह्यांनी आज अचानक विचारलं, अक्का दिवसभर फोनवर कन्नडात कुणाशी बोलते? म्हटलं, मला कन्नड शिकवतायत. खोटंही नाही.

पण मला रात्रीपासून दुसरीच काळजी. अक्कांना मी कशाची आशा लावून ठेवली? सत्तर वर्षं ज्या बाईने काही मागितलं नाही, तिने हे एक मागितलं, आणि ते देणं माझ्या हातात नाही. असंच अकराचे वीस होतील आणि मग एक दिवस त्या विचारायच्या बंद होतील. तो दिवस मला बघायचा नाही.

१४ मार्च, शुक्रवार
गल्लीत होळीची हलगी. कान किटले.

दुपारी कन्नड 'टॉवेल'खाली पहिला अभिप्राय. नावाच्या जागी नुसते आकडे, फोटो नाही. दोनच ओळी. मराठीत सांगायचं तर, अंगठा दाबला की पंचवीस कमी. पन्नास कोण देतो?

मी अक्कांना म्हटलं, कुणी तरी चूक काढलीय, दुरुस्त करून टाकू.

"किती म्हणतो?"

"पंचवीस."

तीनदा वाचायला लावलं. मग हातातली परडी खाली ठेवली.

मग अक्कांकडून उलगडलं. मामंजींची जीभ तेव्हा जड झाली होती. त्यांनी अंगठ्याचं सांगितलं ते अक्कांनी पन्नास असं ऐकलं, पहिल्याच सौद्याला पैसे तसेच मोजून दिले, आणि तसंच धरून चालल्या. त्या अख्ख्या हंगामात त्यांनी अंगठा दाबला की पावती पन्नास कमी होऊनच आली. एकदाही कुणी चूक दाखवली नाही. मामंजी पावत्या बघून म्हणायचे, मुलीचा हात चांगला आहे. म्हणून गेली चाळीस-बेचाळीस वर्षं अंगठा म्हणजे पन्नास. मलाही त्यांनी तेच सांगितलं, मी तेच छापलं.

"मग वरचे पंचवीस दलालाला कोण भरत होतं गं?" अक्का म्हणाल्या. मला नव्हतं विचारलं. पदर डोळ्यांना लावून बसल्या, आणि हसत होत्या.

मी त्यांना सांगितलं, स्पष्ट सांगितलं, की हे कुणीही लिहिलेलं असेल. ब्याडगी ते गदग कुठल्याही म्हाताऱ्या व्यापाऱ्याला अंगठा पंचवीसच ठाऊक असणार. त्याने आपलं चुकलेलं दाखवून दिलं, एवढंच.

"होय की. मला कळत नाही का?"

"काय उत्तर देऊ?"

अक्कांचा उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला, तो तसाच.

"आज काही नको. लगेच हो म्हटलं की भाव पडतो."

चहा प्यायलो. हलगी चालूच. कपबशा विसळताना मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. दोन्ही एकदम करतात का विचार.