वालूरच्या अंगणातली दोन पेवं

देवगाव फाटा, मंगळवार

वालूरच्या थोर वहिनीबाई धुरपदाबाईंना फाट्यावरच्या थकल्या नणंदेचा, म्हणजे लक्ष्मीबाईचा, रामराम पोचावा.

तुमचे गुडघे कसे हायत? माझेबी दुखायलेत, पण मी तुमच्यासारखी गावभर त्यांचं कौतुक सांगत फिरत न्हाई. फोनच केला असता, पण तुमी तो मोठ्या आवाजावर ठेवता आन् सगळी गल्ली ऐकते. म्हणून ही चिठ्ठी रामहरीच्या टेम्पोत धाडली. (चौथीपस्तोर शिकले, तेवढ्यात भागवायलेय. अक्षराला नावं ठेवू नका, तुमाला तर तेवढंबी येत न्हाई, पंकजाच वाचून दाखवील.)

परवा तुमच्या नव्या घराची आखणी बघायला आले ती कौतुकानं न्हाई, जळून आले, हे आधीच सांगून टाकते. आमचा नातू पप्पू नांदेडात एका कचेरीत जे काम करतो तेच तुमची नात पंकजा पुण्यात करते. घर बांधायच्या आधी कंपूटरात खांब अन् तुळया उभ्या करायच्या, वजन टाकून बघायचं, कुठं वाकतंय का. पप्पू एकेक खांब माऊस दाबून दाबून बसवतो, चार दिवस जातात, मनगट सुजतं. पंकजा नुसतं लिहून सांगते आन् तो एआय सगळं करून ठेवतो. पप्पूच्या सायबानं सांगितलंय, दसऱ्यापर्यंत हे शिक, न्हाई तर दुसरीकडं नोकरी बघ. पप्पू म्हणला, आजी, इथं शिकवणारं कुणी न्हाई. मी म्हणलं, नसू दे, आपल्यात कुणी कुणाच्या दारी गेलं न्हाई.

तुमच्या ओसरीवर, गावी आलेल्या पंकजानं मला समजावलं, "आत्याआजी, एआयला नुसती अक्कल असून भागत न्हाई. खांबाचं सॉफ्टवेअर त्यानं चालवायचं तर त्याच्या हातात हत्यारं द्यावी लागतात. एक खांब बसवायचं, एक तुळई जोडायचं, एक वजन टाकून बघायचं. ती मी बनवून दिली." (आपणबी नव्या सुनेला विळी कुठं, परात कुठं, हे आधी दाखवतोच. पण सून महिन्याभरात उलटून बोलते, हे मेलं बोलत न्हाई.) चहाला उकळी यायच्या आत पडद्यावर सोळा खांब उभे. तुमी माझ्याकडं असं बघितलं, जणू तुमीच डोक्यावर पाट्या वाहून ते उभे केले.

मग माझी नजर सातव्या खांबावर गेली. तो बरोबर माझ्या बापाच्या जमिनीखालच्या धान्याच्या पेवावर. तुमी लगीन होऊन आलात त्याच्या आधीच ते बुजवलं, तुमाला काय ठावं. त्यातली ज्वारी काढायला मलाच कमरेला दोर बांधून खाली सोडायचे. आत हवा खराब असली तर माणूस मरतंय, म्हणून आधी कंदील सोडायचे, तो विझला न्हाई तर मी. (कंदील मात्र लय जपून सोडायचे.) मी हे म्हणलं तर तुमी हसलात, "आता मशीनपेक्षा तुमाला जास्त कळायलंय का?" लिंबाजी मिस्त्रीनं तिथं पहार मारली. पहार निम्मी आत गेली आन् तिच्यामागं तुमचं हसू.

मला वाटलं, पंकजा चिडंल. चिडली असती तर मला किती बरं वाटलं असतं. तिनं दोन ओळी लिहिल्या, मशीननं खांब सरकवला, तुळया पुन्हा मोजल्या, वर विचारलं की अंगणात अजून कुठं पेव, आड, खड्डा हाय का, घरातल्या जुन्या माणसाला विचारा. वहिनी, मला कुणी काही विचारून वीस वर्षं झाली. मी बुजवलेला आड सांगितला, गोठ्यामागचा उकिरडा सांगितला. पंकजानं दरेक ठिकाणी लिहिलं, "लक्ष्मीबाई आत्याआजींच्या सांगण्यावरून." ते कागदावर छापूनबी आलं.

तेवढ्यात तुमी स्वैपाकघराचं सुरू केलं. एकवीस फूट लांब, काळ्या दगडाचा ओटा, वर धूर ओढायची चिमणी. तेवा मी म्हणलं, तिथंबी एक पेव हाय. वर विटांची थप्पी होती म्हणून पहार मारता आली न्हाई, आन् पहिलं खरं निघालं म्हणून दुसऱ्याला कुणी पुरावा मागितला न्हाई. मशीननं स्वैपाकघर अकरा फुटांवर आणलं. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या दातांना झेपंल तेवढी भाकर थापायला अकरा फूट लय झाले.

लेकराबाळांना आशीर्वाद, तुमाला सबुरी.

तुमची नणंद,
लक्ष्मीबाई

ता. क. पंकजा अजून पंधरा दिवस वालूरात हाय असं ऐकलं. पप्पू रजा टाकून शुक्रवारी येतो. ती हत्यारं कशी बनवायची, ते त्याला शिकवावं. पण पंकजानंच आपणहून बोलावलं, असं त्याला सांगा. मी विनवणी केल्याचं कळलं तर मला त्याच्यापुढं तोंड न्हाई.

ता. क. दुसरी. स्वैपाकघराखाली पेव न्हाई. गुरुवारी पाया खोदायच्या आधी लिंबाजीला विटा हलवून पहार मारायला लावा, माझ्या शब्दावर जाऊ नका. मग पंकजाला म्हणावं, एकवीस फूट परत कर आन् ती खोटी ओळ खोड. बाकीच्या तीन ठिकाणी माझं नाव तेवढं राहू द्या. पप्पूला मी सांगून बसलेय की वालूरातलं मशीनबी आजीला विचारल्याबिगर खांब रोवत न्हाई.