यादीतला शेवटचा दुधी

शिरूर,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय लिडियाआत्या,

कृपाचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे तुम्ही कळवलं नाहीत, त्यामुळे मी प्रार्थनेत दोघांचंही नाव घेते. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. आईचा रक्तदाब बरा आहे, बाबा बरे आहेत, कोंबडा बरा आहे (तो कोण, ते पुढे येईल). फोन का करत नाही म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मी ठरवलेलं सगळं विसरून हवामान सांगायला लागते.

आता आधी दुरुस्ती. शाळेच्या दारात मी रोज रडायचे म्हणून तुम्ही मला घरीच पाटी दिलीत आणि पाटीवरून वहीवर आले तेव्हा सांगितलंत, की चुकलेलं पुसायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं. मागच्या पत्रात माझ्या दोन चुका आहेत. पण ते पत्र तुमच्या ट्रंकेत असल्यामुळे मला रेघ मारता येत नाही. तुम्हीच मारा. पहिली चूक: "मी यवतच्या ढाब्यावर एकटीने जेवले." दुसरी चूक: "बाबांनी तुम्हाला सलाम सांगितला आहे." दुसरी मोठी आहे, म्हणून तिच्याआधी पहिलीवर थोडा धीर गोळा करते.

त्या गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. चौफुल्याला बस बदलून मी यवतला गेले, लांबून सर्वांत बरा दिसणारा ढाबा निवडला आणि आत शिरले. वेटर म्हणाला, "ताई, फॅमिली आतल्या बाजूला." मी म्हटलं, मी एकटीच आहे. तो म्हणाला, "मग फॅमिली मागनं येतीय व्हय?" या प्रश्नाला नाही म्हणायला एक विशिष्ट आवाज लागतो, तो माझ्याकडे नाही. त्याने मला आठ जणांच्या टेबलावर बसवलं, आणि आत्या, खरोखरच मागून फॅमिली आली. पोपटराव नावाचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी धुरपदाबाई, आणखी चार माणसं आणि एक बाळ. सगळे कुणातरी सत्यजीतच्या साखरपुड्याहून परतत होते. धुरपदाबाईंनी विचारलं, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, शिरूरची. "हां, म्हंजी मुलीच्या मावशीकडची!" माझ्या तोंडात भाकरी होती. भाकरी गिळून खुलासा करीपर्यंत बाळ माझ्या मांडीवर आलं होतं आणि माझ्या ताटात मटण. त्यानंतर खुलासा करणं म्हणजे खाल्लेलं परत करणं. त्यांनी मला जीपने चौफुल्यापर्यंत सोडलं, आणि उतरताना धुरपदाबाई म्हणाल्या, "लग्नाला चार दिस आधी ये, मेंदी तूच काढायची." तर आत्या, मी तुम्हाला "यवतहून आणले" म्हणून जे पेढे पाठवले, ते मी विकत घेतलेले नाहीत. ते सत्यजीतच्या साखरपुड्याचे होते. हा सत्यजीत दिसतो कसा, हेसुद्धा मला माहीत नाही. पेढे संपले असतील तर निदान त्याच्या संसारासाठी प्रार्थना करा.

ही यादी मुळात माझी कल्पनाच नव्हे. गेल्या ऑक्टोबरात मला पंचवीस पूर्ण झाली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत नीलमने (माझ्याबरोबर क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला असते, कवठे येमाईची आहे) सगळ्यांना बकेट लिस्ट लिहायला लावली. मरायच्या आधी काय काय करायचंय ते लिहायचं म्हणे. कुणी मनाली लिहिलं, कुणी विमान लिहिलं. मी लिहिलं: ढाब्यावर एकटीने जेवणे, कुणालातरी तोंडावर नाही म्हणणे, पोहायला शिकणे, चर्चच्या मंडळीच्या लिलावात स्वतः बोली लावणे. नीलम वाचून म्हणाली, "कृपे, ही मरायच्या आधीची यादी हाय का बाजाराची?" वर्ष संपलं, म्हणून मी हिशेबाला बसले, आणि आमच्या खात्याच्या सवयीप्रमाणे प्रत्येक कामापुढे पास, रिवर्क किंवा रिजेक्ट असा शेरा मारला. ढाबा: रिजेक्ट. नाही म्हणणे: पाळकबाईंनी दुसरा कप चहा विचारला तेव्हा म्हटलं, पण मला चहा हवा होता, आणि दहा मिनिटांनी जाऊन मागितला. रिवर्क. नीलम म्हणते, "कंपनीतसुद्धा एवढा माल परत जात न्हाई."

लिलावाचं मात्र सविस्तर लिहायला हवं. त्यासाठी सहा वर्षं मागे जावं लागतं. तुम्हाला ते सांगायची गरज नाही हे मला कळतं, पण क्रम सोडला की मला पुढचं वाक्य सुचत नाही, तेव्हा क्षमा असावी.

आपल्या मंडळीत कापणीच्या सणाला उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. ज्याने त्याने आपल्या घरचं पहिलं पीक आणायचं, ज्याला शेत नाही त्याने लोणचं किंवा केक. आणि वस्तू पुकारायची आमच्या बाबांनी. बाबा एरवी घरात चार शब्द बोलतात, त्यातले दोन "मीठ" आणि "पंखा". पण त्या टेबलावर उभे राहिले की त्यांच्या अंगात वारं शिरतं. वस्तूची आणि ती आणणाऱ्याची टिंगल केल्याशिवाय बोली चढत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही क्वार्टरच्या गॅलरीत कुंडीमध्ये वाढवलेला दुधी शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दौंडहून बसने आलात. आणि बाबांनी तो उंच धरून सांगितलं, "हा दुधी बघा! आमच्या ताईवरच गेलाय. लांब, कडक, आन् अजून कुणी मागणी घातली न्हाई!" सगळं आवार हसलं. मी वीस वर्षांची होते, मीही हसले (हसू ऐनवेळी आवरलं होतं असं मला वाटतं, पण खात्री नाही, म्हणून हसले असंच धरा). हसण्याच्या नादात बोली कुणीच लावली नाही. तुम्ही टेबलाजवळ गेलात, दुधी परत शालीत गुंडाळलात आणि दोनच्या बसने निघून गेलात. त्यानंतर तुम्ही शिरूरला आला नाहीत, आणि बाबा दौंडला गेले नाहीत.

त्या दिवसानंतरचं एक तुम्हाला माहीत नसेल. आमच्या घरात तेव्हापासून दुधी शिजत नाही. आईने एकदा विसरून केला. बाबांनी ताटाकडे पाहिलं, "भूक न्हाई" म्हणाले आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. सायकल आधीच पुसलेली होती.

म्हणून मी यादीत लिलाव लिहिला. त्या दिवशी एका माणसाने जरी हात वर केला असता तर तुम्ही जेवून गेला असतात, आणि तो हात माझा असू शकला असता असं मला वाटत राहतं. गेल्या नोव्हेंबरात मी तयारीने गेले. लिंबाच्या लोणच्याची बरणी हेरून ठेवली. बरणी आली, गेली, आणि मी मनातल्या मनात आकडा ठरवतच राहिले. मी निराश होऊन डोक्यावरून घसरलेली ओढणी सारखी करायला हात वर नेला, आणि बाबा ओरडले, "गेला! आमच्याच पोरीला गेला!" तो कोंबडा. आता तो मागच्या पडवीत राहतो, आईचं कुणी नाव घेतलं तरी आरवतो आणि मला पाहिलं की पाठ फिरवतो. त्याला कापायला कुणी धजत नाही, कारण तो देवाच्या कामासाठी घेतलेला आहे. शेरा: रिजेक्ट, हेतूशिवाय केलेलं काम.

मग पोहणं. मे महिन्यात नीलम मला तिच्या गावी विहिरीवर घेऊन गेली. तिची आजी साखरबाई काठावर बसून देखरेख करते. त्या गावातली तीन पिढ्यांची पोरं तिने पाण्यात ढकलली आहेत. तिने माझ्या पाठीला एक वाळवलेला, पोटाने मोठा दुधी बांधला. मला वाटलं चेष्टा आहे. तर म्हणाली, "तुमच्या त्या हवेच्या ट्यूबा फुटत्यात. भोपळा कवा बुडत न्हाई बाई, माणूस बुडतंय." मी पायऱ्या उतरले, पाण्यात शिरले आणि शेवटची पायरी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बराच वेळ झाल्यावर साखरबाई म्हणाली, "पोरी, तू पवायला आलीस का पायरी चोरायला?" नीलमने माझी बोटं एकेक करून सोडवली. मी किंचाळले, पाणी प्यायले, सगळ्यांची क्षमा मागितली, आणि मग लक्षात आलं की मी तरंगते आहे. पाठीवर दुधी होता आणि तो मला सोडत नव्हता. मी पोहले का? नीलम म्हणते पोहलीस. साखरबाई म्हणते, भोपळा पवला, तू संगट गेलीस. मी रिवर्क लिहिलं आहे.

निघताना साखरबाईने त्याच जातीच्या दुधीचं बी कागदात बांधून दिलं. घरी आणून मी ते बाबांना दिसणार नाही अशा जागी, म्हणजे मिठाच्या बरणीमागे ठेवलं, आणि पावसाळा लागल्यावर पाहिलं तर पुडी रिकामी. उंदीर असेल म्हणून मी गप्प बसले. जुलैत मोरीमागच्या कुंपणावर एक वेल चढलेला दिसला. आई म्हणाली, मी लावलेला नाही. मी लावलेला नव्हता. कोंबड्याचा तर प्रश्नच नाही. उरलं कोण? पण बाबांना विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही. ते पहाटे उठून त्याला पाणी घालायचे आणि आम्हाला जाग आली की तोंड धुतल्यासारखं करायचे. आता त्याला एकच मोठा दुधी धरला आहे. बाकीची फुलं त्यांनी स्वतः खुडली. हा मात्र कुंपणाच्या तारेत अडकून वाढल्यामुळे मध्येच वाकला आहे.

आता ती दुसरी चूक. मागचं पत्र लिहीत होते तेव्हा बाबांनी विचारलं, "कुणाला?" मी म्हटलं, दौंडला. ते म्हणाले, "हं," आणि पंखा एकने वाढवला. एवढंच झालं. त्या "हं"चा मी सलाम केला. तुम्ही उलट टपाली लिहिलंत, "येशुदासला माझाही सलाम सांग, बऱ्याच दिवसांनी आठवण झाली त्याला." ते वाचून मला जेवण गेलं नाही. न तपासलेला माल मी पास करून पाठवला आणि तुम्ही तो जपून ठेवलात. तुमचा सलाम मी अजून बाबांना दिलेला नाही, कारण तो ज्याच्या उत्तरादाखल आहे ते त्यांनी पाठवलेलंच नव्हतं. मला क्षमा करा, आणि त्या ओळीवर नक्की रेघ मारा.

बाकी विशेष काही नाही. माझी निळी छत्री तुमच्याकडे राहिली आहे, ती सवडीने पाठवलीत तर बरं होईल. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच होतं.

तुमची,
कृपा

ता. क. – छत्रीचं खरं नाही. छत्री माझ्याकडेच आहे, आत्ता समोर खुंटीला दिसते आहे. कापणीचा सण नऊ नोव्हेंबरला, रविवारी आहे. तुम्ही याल का, एवढंच विचारायचं होतं, आणि त्याला चार पानं लागली.

ता. क. २ – वरचं लिहून पाकीट चिकटवत होते तर बाबा दारात उभे. मी सवयीने पत्र ओढणीखाली घेतलं. ते म्हणाले, "ताईला का?" आत्या, सहा वर्षांत हा शब्द या घरात पहिल्यांदा ऐकला. मी हो म्हटलं, आणि तुमचा सलाम देऊन टाकला, आणि तो मला कसा मिळाला तेही एका दमात सांगितलं. मला वाटलं आता पंखा वाढणार. पण ते म्हणाले, "लिही. यंदाचा दुधी तिनंच पुकारायचा. टेबलावर ती उभी राहील, मी खाली बसंन. म्हणावं, भावावरच गेलाय. वाकडा, आन् आतनं निस्तं पाणी." मी विचारलं, लोक हसले तर? "हसू दे. हसायलाच बोलावलंय." आणि कुणी बोली लावली नाही तर? यावर बाबा माझ्याकडे बघायला लागले. आत्या, मी हात वर करीन. ओढणी घरी ठेवून येणार आहे, म्हणजे हेतूविषयी शंका राहणार नाही.

ता. क. ३ – बाबांनी तुम्हाला सलाम सांगितला आहे. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं आहे, त्यांनी मान हलवली आहे, आणि पुन्हा विचारल्यावर "एकदा सांगितलं न्हवं" असं म्हणाले आहेत. शेरा: पास.

शाल काढून ठेवा, येताना वाटेत गार लागेल. तुम्हाला न्यायला मी एकटीच येते आहे, चौफुल्याला बस बदलून, कुणाच्याही जीपमध्ये न बसता: शनिवारी, आठ नोव्हेंबरला.