हॅलमचे सिनेमे आणि आमचा पर्सी

शनिवार, १ ऑक्टोबर

नाही हसला. विग पाण्यावर तरंगला तेव्हाही नाही!

हॅलम या गुप्तहेराच्या सिनेमांना पंचवीस वर्षं झाली, म्हणून टीव्हीवर दर शनिवारी एकेक दाखवताहेत. आज माझ्या नवऱ्याच्या, पर्सीच्या उडीचा होता. त्या काळी नायिकांच्या उड्याही पुरुषच मारायचे. आमच्या पर्सीनं पायांवरचे केस काढून, चंदेरी झगा घालून हॉटेलच्या गच्चीतून कालव्यात उडी मारली आणि विग सुटला. कुणाच्या लक्षातच आलं नाही, तसंच पडद्यावर गेलं! जगातली सर्वांत सुंदर हेर पाण्यातून वर येते, तर डोक्यावर टक्कल. थिएटरात लोक गडाबडा लोळायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो पर्सी.

फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. मी कोण, हे तरी त्याला कळतं का, देव जाणे.

मंगळवार, ४

मिस पिल्बीम येऊन गेली. नर्स चांगली आहे, पण तोंडानं फटकळ. म्हणाली, "हसवून बघा त्यांना. जुनं, ओळखीचं काहीतरी दाखवा. आणि एड्ना, स्वतःचा अवतार बघितलात का? उचलाउचल तुम्हाला झेपतेय तोवरच ते घरी. सतरा तारखेला येईन तेव्हा ठरवू, इथं की कायमचं नर्सिंग होममध्ये."

"झेपतेय की," मी म्हटलं. चक्क खोटं. पण तिथं पाठवला तर तो भिंतीकडे बघतच संपेल.

गुरुवार, ६

डग आला, कॅसेटींची पिशवी घेऊन. सिनेमात गाड्या उलट्या करायचा, पर्सीचा जुना जोडीदार.

"पर्स्या, लेका, तो पोपट आठवतो का?" खलनायकाच्या खांद्यावरचा पोपट दिग्दर्शकाचं 'कट!' शिकला होता. खलनायक म्हणणार, "हॅलम, आता या जगाचा—" की पोपट ओरडलाच, "कट!" दिवे बंद, मंडळी चहाला!

"आणि ते भुयाराचं गुप्त दार, वहिनी! ऐन वेळी अडकलं. जग मुठीत घ्यायला निघालेला गडी, शेवटी पाय वर करून खिडकीतून आत आला. तेच ठेवलंय सिनेमात!"

मी पोट धरधरून हसले. पर्सी भिंतीकडे बघत होता.

जाताना डग दारात घुटमळला. "वहिनी, राग मानू नका. आपला पर्सी गेला हो. हे नुसतं..."

मी दार लावून घेतलं. आधी संताप आला, मग रडू.

शनिवार, ८

आणखी एक सिनेमा. काही नाही.

बुधवार, १२

पेपरात हॅलमचे सर्वांत विनोदी प्रसंग छापलेत. विगचा नंबर तिसरा! त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. लाळ पुसली, कूस बदलली. माझी पाठ धरली ती सुटेना.

दुपारी मी त्याच्यावर ओरडले — "हस की रे मेल्या! एकदा तरी हस!" त्यानं डोळे मिटले. मला लाजसुद्धा वाटली नाही. इतकी मी थकले आहे.

शनिवार, १५

टीव्ही लावलाच नाही. डगचंच खरं. मी एका रिकाम्या माणसाला चमच्यानं कस्टर्ड भरवते आहे. माझा पर्सी मला हवा आहे, आणि तो कुठेच नाही.

रविवार, १६

डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा प्लास्टरात. दुपारी ट्रे घेऊन येताना गालिच्यात पाय अडकला आणि मी पर्सीच्या खुर्चीपुढेच सपशेल आडवी. मनगट कट्कन मोडलेलं ऐकू आलं. कळवळत पडले होते तोच वरून आवाज आला — घोगरा, अडखळता, पण त्याचाच!

"हात... टेकायचे नसतात, एड्ना. खांद्यावर पडायचं."

मला एड्ना म्हणाला!

उद्या सतरा. या एका हातानं त्याला उचलू कशी?