त्या बोटीबद्दल, आई

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि पंगत उठायच्या आत मी तुमच्या थोरल्या लेकाला सगळ्यांदेखत उलट बोलले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहायला बसले. महेश म्हणतो, झालं ते झालं, आता विषय वाढवू नकोस. तुमच्या या धाकट्या लेकाचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगायचा?

विषय तोच. बोट.

वर्षभर ऐकतेय मी. तेराव्याला ऐकलं, गणपतीत ऐकलं, दिवाळीच्या फराळाला ऐकलं. सूनबाईंना हौस होती, नाजूक तब्येतीचं माणूस उचलून समुद्रात नेलं. वर्षभर मी गप्प बसले, कारण रडणाऱ्या माणसाशी भांडू नये असं मला वाटत होतं. आता वाटतं, चुकलंच. माझ्यावरचा आळ सहन झाला असता हो. पण त्या सगळ्या बोलण्यात तुम्ही कुठे होतात? कुणीतरी उचलून नेलेलं गाठोडं?

कुणी उचलून नेलं तुम्हाला? काळाचौकीची आपली चाळ पाडून टॉवर झाला आणि आपण एकोणिसाव्या मजल्यावर आलो, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आईंना करमायचं नाही. तुम्ही मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढलीत ती ओढलीतच. शिवडीच्या चिखलात एक गुलाबी पट्टी दिसली, तशी मला हाक मारलीत. कुणी साड्या वाळत घातल्यात का, असं विचारलंत. मी म्हटलं, फ्लेमिंगो आहेत, पक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चप्पल घालून दारात उभ्या. जवळून दाखव.

शिवडीच्या जेट्टीवर तुम्हाला त्या सफरीबद्दल कळलं. तीन दिवस बोट किनाऱ्याकिनाऱ्याने खाली कोकणाकडे जाणार, वाटेत थांबून पक्षी, डॉल्फिन, कासवं दाखवणार, रात्री किनाऱ्यावर मुक्काम. घरी आल्यावर मला पहिल्यांदा सांगितलंत की तुमच्या वडिलांची होडी होती, चारही भाऊ तिच्यात वाढले, आणि तुम्हाला तिला हात लावायचीसुद्धा बंदी होती. बाईचा पाय लागला तर मासळी मिळत नाही म्हणे. समुद्राकाठी जन्मून तुम्ही आयुष्यात एकदाही पाण्यावर गेला नव्हतात.

डॉक्टरांना तुम्हीच विचारलंत. हृदयाची ताकद कमी झालीय, ते म्हणाले, धोका घरातही आहे आणि बाहेरही आहे. गोळ्या वेळेवर घ्या, दमू नका. तुम्ही त्याचा अर्थ 'जा' असा लावलात. मी लावला नव्हता, खरं सांगते. मी दोन रात्री तुम्हाला समजावत होते. तुम्ही ऐकलंत का माझं?

सुरेशदादा नको म्हणाले. वंदनाताईंनी लेकीच्या हक्काने डोंबिवलीहून फोनवर रडून घेतलं. तुम्ही माझा पंजाबी ड्रेस मागून घेतलात, साडीत पाय अडकतो म्हणून. उभ्या जन्मात पहिल्यांदा. आरशात बघून म्हणालात, बरी दिसतेय की.

धक्क्यावर बोटीच्या माणसाने तुमच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, आजींना झेपेल ना? तुम्ही त्याच्या हाताला धरलंत. "माका इचार. जावचा माका हा, तिका नाय." तो ओशाळला. मग तीन दिवस तो प्रत्येक पक्षी पहिल्यांदा तुम्हालाच दाखवत होता.

आणि झेपलं नाही कुणाला? मला. खांदेरी बेटाच्या पुढे बोट हलायला लागली आणि मी कठड्यावर ओणवी झाले. तुम्ही एका हाताने माझं कपाळ धरलं होतंत, दुसऱ्या हातात दुर्बीण. मला ओकाऱ्या होत असताना तुम्ही वर बघत होतात. समुद्रगरुडाने पाण्यातून काहीतरी उचललं आणि ते वळवळत होतं. "मेल्यान सर्प उचलल्यान," तुम्ही म्हणालात, इतक्या कौतुकाने, की मला ओकता ओकता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिनसाठी बोट थांबवली. इंजिन बंद. तासभर नुसतं पाणी. बाकीची मंडळी कुरकुरायला लागली. नेमका तेव्हा दादांचा फोन. पुढच्या बंदरावर उतरा, मी गाडी पाठवतो, असं ते मला दरडावून सांगत होते. तुम्ही फोन काढून घेतलात.

"सुरेश, मी डॉल्फिन बघतंय. नंतर फोन कर."

एकही डॉल्फिन नव्हता, आई. आणि तुम्ही फोन बंद करून ओढणीत गुंडाळून ठेवलात.

त्याच संध्याकाळी कासवांची पिल्लं बघितली. वाळूत टोपली आडवी केली आणि ती काळी, मुठीत मावतील अशी पिल्लं पाण्याकडे निघाली. एक सारखं उलटं पडत होतं. कुणीतरी ते उचलून पाण्यात सोडा म्हणालं. तुम्ही म्हणालात, हात लावू नका, त्याचं ते जाईल. गेलं ते. सगळ्यांत शेवटी.

एक तक्रार मात्र आहे माझी. परतीच्या वाटेवर मला झोप लागली आणि बोटीच्या मागे डॉल्फिन आले. सगळ्यांनी बघितले, मी सोडून. मला का उठवलं नाहीत? तुमचं उत्तर मला पाठ आहे. डॉल्फिन परत येतले, तुझी झोप खय येतली? पण आई, तुमच्याबरोबर बघायचे होते ना मला.

परत आल्यावर तुमचे पाय सुजले. दोन महिन्यांनी, भाजी निवडता निवडता, तुम्ही गेलात.

मी एकटी डॉक्टरांकडे गेले होते. विचारलं, बोटीमुळे झालं का? ते म्हणाले, बहुतेक नाही. पण खात्रीने नाही म्हणता येत नाही. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण मला त्याची भीती वाटत नाही. समजा, झालं असेल बोटीमुळे. समजा, खिडकीशी बसून तुम्ही आणखी एक उन्हाळा काढला असतात. तो उन्हाळा तुमचा होता. तुम्ही तो खर्च केलात, आणि कशावर केलात ते मी बघितलंय. मला त्याचा पश्चात्ताप करायला कुणी लावू शकत नाही.

काल पंगतीत मी वडे वाढत होते. दादा शेजारच्या काकांना म्हणाले, मला ऐकू जाईल असं, की हिने बोटीवर नेलं नसतं तर आई आज आपल्यात असती. मी ताट खाली ठेवलं.

"दादा, आईंना मी नेलं नाही. आई गेल्या. मी बरोबर होते."

महेश काळ्या वाटाण्याच्या उसळीकडे बघत बसला. दादांनी हात धुतले, वहिनींना खुणावलं आणि ते निघून गेले. यंदा त्यांच्या गणपतीला आम्हाला बोलावणं येईल असं वाटत नाही. वाईट वाटतंय. पण शब्द मागे घेणार नाही.

संध्याकाळी वंदनाताईंचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीनेच उचलला. त्यांनी विचारलं, आईने बोटीवर काय घातलं होतं? मी पंजाबी ड्रेसचं सांगितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सुप्रिया, मला कुणी कधी विचारलंच नाही गं, कुठे जायचंय म्हणून. बोट परत कधी सुटते?"

पावसाळ्यात समुद्र बंद असतो. दिवाळीनंतर सुटते. ताईंच्या घरी विरोध होईल, इथेही होईल. आम्ही दोघी जाणार आहोत. आणि आई, शब्द देते, यावेळी आम्ही कुणाला विचारणार नाही. निघायच्या सकाळी फक्त सांगू.

तुमची आणि तुमच्याच बाजूची,
सुप्रिया