टो-बार एकदाचा बसला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गेला आठवडाभर मी गाडीखाली आडवीच असते, त्यामुळे नमस्कार अगदी खरा; फक्त उताणा.) तुझ्या गुडघ्याला आता उतार असेल. इकडे आम्ही दोघं ठीक, गाडी बरी.

ह्यांच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, ह्यांना घराबाहेर काढा. हे म्हणाले, चालवत नाही, जाऊन करू काय? म्हणून मी एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, ओटा, सगळं. पण ह्यांची बसून फिरायची बॅटरीवरची तीनचाकी काही आत मावेना. तिच्यासाठी छोटा ट्रेलर आणला. आता ट्रेलर ओढायचा तर गाडीच्या मागे टो-बार, म्हणजे तो अडकवायचा लोखंडी दांडा, हवाच. जन्मभर भूमिती शिकवलेला नवरा माहितीपत्रक वाचायला घरात असताना गॅरेज कशाला, असं मला वाटलं. (तू हसते आहेस, ते इथे कळतंय.)

हे अंगणात खुर्चीवर बसून एकेक वाक्य दोनदा वाचत, जणू मी वहीत उतरवून घेते आहे. मागचा नट सैल करा, असं त्यांनी वाचलं आणि मी केला. तो नेमका सांडपाण्याच्या टाकीचा निघाला. दोन दिवसांचं भांड्यांचं पाणी माझ्या तोंडावर. ह्यांनी शांतपणे पान उलटलं आणि म्हणाले, टाकी आधी रिकामी करावी, असंही आहे इथे. मग दिव्यांच्या वायरी जोडल्या, तर डावीकडे वळायचा दिवा लावला की ओट्यावरचा दिवा लुकलुकायचा. शेवटी गॅरेजवाल्या बाईंना बोलावलं. त्या गाडीखाली शिरल्या, दांडा हलवून बघितला. मग विचारलं, दांडा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, न जोडता स्वयंपाकघराच्या तळाला का जोडलाय? पहिल्याच चढावर ट्रेलरबरोबर ओटाही मागे राहिला असता म्हणे. त्यांनी चासीला लोखंडी जोड देऊन दांडा असा पक्का बसवला की आता घर हलेल, तो नाही.

त्या गेल्यावर मी ट्रेलर जोडून गाडी मागे घ्यायला लागले. मी इकडे वळवावं तर ट्रेलर तिकडे, थेट शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे. आरशात बघते तर खुर्ची रिकामी. काठी तिला टेकलेली, आणि हे फाटकापाशी उभे, दोन्ही हात वर.

"थांब. आता उजवीकडे. माझ्या नव्हे, तुझ्या."

मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. हे म्हणाले, कुंपणाला काही झालेलं नाही, रडतेस कशाला. खुर्चीपासून फाटक बावीस पावलं आहे, ताई. मी नंतर मोजली.

तुझी धाकटी

ता.क. कुंपणाला झालंय. दोन फळ्या.

आणखी एक ता.क. शुक्रवारी दुपारी तुझ्याकडे पोचतो. गाडीत तिघांची झोपायची सोय आहे. भाऊजी गेल्यापासून दोन वर्षं तू कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेली नाहीस. चार कपडे भरून ठेव. यायचं नसेल तर दार उघडू नकोस. पण ट्रेलर मागे घ्यायला मला अजून जमत नाही आणि तुझी गल्ली पुढे बंद आहे, तेव्हा आम्ही तिथेच असू.