दादाच्या खेळातलं बंद दार

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८. भाईंदर

आजही काही सुचलं नाही. दादा गोष्ट सांगायचा, वहिनी आणि मी त्यातली माणसं व्हायचो, फासे टाकायचो. सगळं त्याने घरीच रचलेलं. श्रावणात तो गेला, तेव्हा खेळातली आमची माणसं खाडीच्या दारापाशी उभी होती. "भरती आहे. दार ओहोटीला उघडेल, बाकी पुढच्या शनिवारी," म्हणाला होता. पलीकडे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही.

पुढे मी सांगावं, असं वहिनींचं म्हणणं. अमेरिकेहून त्याच्या मित्राने पाठवलेली अशा खेळांची छापील पुस्तिका चार वेळा वाचली. तळघरं, राक्षस, जादूच्या किल्ल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हा राक्षस आपल्या चिखलात रुतेल." आणि दाराला तर कुलूपच नाही, मिठागराच्या उघाडीसारखं ते, ओहोटीला पाण्याच्या जोराने आपोआप उघडणारं. मग किल्ली कशाला शोधतोय मी?

एकच ओळ कामाची वाटली: खेळ थांबला तरी त्या जगातले दिवस पुढे जात राहतात. वहिनींना वाचून दाखवली. तांदूळ निवडता निवडता त्या थांबल्या.

"म्हणजे किती ओहोट्या झाल्या असतील, भावजी. दार केव्हाच उघडलंय. आपणच बाहेर उभे आहोत."

शनिवारी बसायचं कबूल केलं. पलीकडे काय आहे, मला अजून माहीत नाही.